न झालेल्या सभेचं इतिवृत्त

तमाम जनतेस कळविण्यात येते की, आयर्लंड देशी, ॲथलोन शहरापासून दहा-बारा मैलांवरील एका गावच्या सभागृहाच्या माळ्यावर सहकुटुंब वास्तव्यास असलेल्या वटवाघळांच्या संदर्भात सत्तावीस देशांचा युरोपीय संघ, आयर्लंडचे सरकार, तेथील काउंटी कौन्सिल आणि पंचायत समितीचा एक निवृत्त विस्तार अधिकारी यांच्यामध्ये गेल्या सप्टेंबरात जो गंभीर पेच उद्भवला, त्याची खरी हकीकत अद्याप कोठेही प्रसिद्ध झालेली नाही. सबब ती येथे प्रसिद्ध करण्यात येत आहे. हरकती असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.

यादीतला शेवटचा, तो निवृत्त विस्तार अधिकारी, म्हणजे मी. सव्वीस वर्षं मी सातारा जिल्ह्यात ग्रामपंचायती तपासल्या आणि ग्रामसभांना हजर राहिलो. या सव्वीस वर्षांत सर्वांत जास्त वेळा मी बोललेलं वाक्य म्हणजे, "वरून आदेश आहे." टाकीत पाणी का नाही? वरून आदेश आहे. शाळेची खोली का पाडली? वरून. हे म्हणताना उजव्या हाताचं एक बोट छताकडे न्यायचं. छताला पंखा असतो, तो बहुधा बंद असतो, पण लोक वर बघतात आणि त्यांचा रागही थोडा वर जातो. तेवढ्यात आपण खुर्ची सोडायची. ही विद्या कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. ती खुर्चीबरोबर मिळते.

मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तीन महिन्यांत घरातली सगळी कपाटं दोनदा लावून झाली. सोसायटीची सर्वसाधारण सभा मी तीनदा बोलावली, तिसऱ्या वेळी मी आणि वॉचमन असे दोघेच होतो. शेवटी बायकोने माझ्या धाकट्या बहिणीला आयर्लंडला फोन लावला. "मेधा, ह्यांना दीड महिना घेऊन जा. ह्यांना बसवत नाही आणि मला बघवत नाही."

अशा रीतीने माझी युरोपला रवानगी झाली.

बस आणि बाटली

डब्लिनच्या विमानतळावरून ॲथलोनची बस पकडली. तहान लागली होती म्हणून संत्र्याच्या रसाची बाटली घेतली होती. टोपण फिरवलं, ते सैल झालं, पण सुटेना. एका बाजूने बाटलीलाच चिकटलेलं. मला वाटलं, बाटली सदोष आहे. मी सरकारी नोकरीत वाचवलेली सगळी ताकद लावली. टोपण जागेवरच राहिलं आणि अर्धा रस माझ्या नव्या शर्टावर आला.

शेजारी एक जाडजूड गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी आधी मला रुमाल दिला आणि मग हसून घेतलं. हा क्रम मला आवडला. मी विचारलं, "हे टोपण असं का बरं?"

"युरोप," ते म्हणाले, आणि उजव्या हाताचं एक बोट बसच्या छताकडे नेलं.

मी त्यांना मिठीच मारणार होतो! हजारो मैल उडून यावं, शर्ट भिजावा, आणि परक्या देशातल्या पहिल्याच माणसाने आपल्या घराण्याची मुद्रा दाखवावी! टोपणं रस्त्यावर पडू नयेत म्हणून ती बाटलीला बांधून ठेवण्याचा हा नियम सगळ्या युरोपासाठी ब्रसेल्समध्ये ठरला, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "कोणी ठरवला?" ते म्हणाले, "ते काही आम्हाला कोणी सांगत नाही." आणि पुन्हा पेपरात शिरले.

खिडकीबाहेर हिरवा रंग इतका होता की डोळ्यांना दम लागावा. दगडांच्या बुटक्या भिंती, पाठीवर निळे-लाल शिक्के मारलेल्या मेंढ्या, आणि हात उंचावला तर लागेल इतकं खाली आलेलं आभाळ. मला मात्र त्यात मन रमवता येईना. कोणी ठरवला, हा प्रश्न शर्टातल्या रसासारखा चिकटून बसला होता.

गुरुवारचे बटाटे

मेधा ॲथलोनजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. तिचा नवरा शिरीष टेलिकॉम कंपनीत आहे. तिथे जाऊन दोघांना दहा वर्षं झाली. भाचरं माझं मराठी सगळं समजून घेतात आणि आयरिश हेलाच्या इंग्रजीत उत्तर देतात. शिरीषला काहीही विचारा, "ग्रँड आहे, दादा." प्रवास ग्रँड, चहा ग्रँड, गाडीचं पंक्चरसुद्धा "ग्रँड, होईल ते."

मेधा गावच्या सभागृहाची सचिव आहे. कशी झाली ते ऐका. तीन वर्षांपूर्वी ती वार्षिक सभेला गेली, कारण सभेनंतर चहा आणि केक असतो असं तिला कळलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "सचिव कोण होणार?" त्या क्षणी सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघायचं, अशी तिथली पद्धत. मेधाला ती माहीत नव्हती, ती समोर बघत राहिली. झाली सचिव.

दर गुरुवारी दुपारी या सभागृहात गावातली म्हातारी माणसं एकत्र जेवतात. मला पहिल्याच गुरुवारी नेलं. ताटात कुस्करलेला बटाटा, भाजलेला बटाटा, उकडलेला बटाटा, आणि या तिघांना सोबत म्हणून थोडी गाजरं. आपल्याकडे श्राद्धाला भाज्यांची इतकी काळजी घेतात, इथे बटाट्याची घेतात. वाढणाऱ्या बाईंचं नाव ब्रायडी. वय ब्याऐंशी, कमरेला ॲप्रन, हातात पळी, आणि आवाज असा की सरपंचाने उठून उभं राहावं. माझं नाव अरविंद. ते त्यांनी एकदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. मी 'आर्वी' झालो.

"आर्वी, बाळा, बटाटा घे."

"घेतला की."

"तो नव्हे. दुसरा."

दाराजवळ पायपुसण्यावर एक बादली ठेवलेली होती आणि तिच्यात वरून टप टप पाणी पडत होतं. छप्पर गळत होतं. दुरुस्त करायला मागच्या वर्षी सुतार शिडी लावून माळ्यावर चढला आणि पाचव्या मिनिटाला खाली उतरून शिडी आवरायला लागला. वर वटवाघळं होती. अंगठ्याएवढी, दाटीवाटीने लटकलेली, सुमारे चाळीस. तिथे वटवाघळांना सगळ्या युरोपाच्या कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्या घराला हात लावायचा तर परवाना लागतो. उन्हाळ्यात त्यांची बाळंतपणं असतात, तेव्हा हात लावायचा नाही. हिवाळ्यात ती झोपतात, तेव्हाही नाही. मध्ये शरद ऋतूचे काही आठवडे मिळतात. मेधाने परवान्यासाठी अर्ज करून कितीतरी महिने झाले होते, उत्तर नव्हतं. आणि आता विमा कंपनीचं पत्र आलं होतं: ऑक्टोबर संपेपर्यंत छप्पर दुरुस्त झालं नाही, तर सभागृहाला टाळं.

"टाळं लागलं तर ह्यांचं जेवण?" मी मेधाला हळूच विचारलं.

तिच्याऐवजी ब्रायडीबाईच बोलल्या. त्यांचे कान वटवाघळाचे. "माझा नवरा गेल्यापासून मी आठवड्यातून एकदाच कोणाच्या तरी समोर बसून जेवते. ते इथे. बाकी सहा दिवस रेडिओसमोर. मेधाने मला शब्द दिलाय की गुरुवार बंद पडणार नाही."

मेधा बुटांकडे बघायला लागली. तीन वर्षांत तेवढं शिकली होती.

बोटं

मला बसवत नव्हतंच, त्यात ही आयती फाइल मिळाली. मी दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

पहिला गेलो गावच्या कौन्सिलरकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषद सदस्यासारखा माणूस. नाव डेक्लन. मी गाड्यांचा ताफा, फलक, दोन मोबाइल धरणारा सहायक असं काहीतरी शोधत होतो. गृहस्थ घरासमोर चपला घालून कचऱ्याचा डबा ओढत होते. त्यांचा नंबर गावातल्या प्रत्येक फ्रिजवर चिकटवलेला असतो. खड्डा पडला की लोक त्यांना फोन करतात, आणि कोणी वारलं की ते न बोलावता येतात. त्यांनी मला आत नेऊन चहा पाजला, वटवाघळांची सगळी कथा ऐकली, चारदा मान हलवली.

"भयंकर आहे हे," ते म्हणाले. "पण हे माझ्या हातात नाही. हे डब्लिनचं." आणि बोट वर.

मेधाने डब्लिनला मंत्रालयात संबंधित खात्याला फोन लावला. ऐकायला मी कान लावून. तिथल्या गृहस्थांनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं की त्यांनाही फार वाईट वाटतं, पण नियम युरोपचा आहे, त्यांचे हात बांधलेले आहेत. फोनवर दिसत नाही, पण मी शपथेवर सांगतो, त्यांचं बोट वर होतं.

"मग युरोपचा खासदार गाठू," मी म्हटलं. "तुमचा कोण?"

"माझा कोणीच नाही, दादा," मेधा म्हणाली.

मग तिने समजावलं. तिथे राहणाऱ्या कोणालाही, कुठल्याही पासपोर्टवर, कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. म्हणजे डेक्लन तिचे. पण युरोपच्या संसदेसाठी युरोपातल्या एखाद्या देशाचं नागरिकत्व लागतं. तिच्या हातून भारतीय पासपोर्ट सुटत नाही. दोन्ही निवडणुका एकाच दिवशी होतात. शेजारणीला दोन मतपत्रिका मिळतात, मेधाला एक.

"म्हणजे बघ," मी चालत चालत म्हटलं, कारण विचार करताना मला बसता येत नाही. "माळ्यावरच्या वटवाघळांना मत नाही. तुलाही नाही. पण वटवाघळांची बाजू घेणारे लोक ब्रसेल्समध्ये आहेत, आणि तुझी घेणारं कोणी नाही!"

"दादा, वटवाघळांना व्हिसा लागत नाही," शिरीष म्हणाला. "ग्रँड आहे त्यांचं."

नावनचं क्लिनिक

पुढारी लोकांना भेटायला बसतात, त्याला तिथे क्लिनिक म्हणतात. त्या भागाच्या एक युरोपीय खासदार मंगळवारी नावनच्या एका हॉटेलात बसणार होत्या. अर्ध्या देशाला मिळून पाच खासदार, त्यामुळे त्या आपल्या दारी येण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मेधाने रजा काढली. ती गाडी चालवायला, ब्रायडीबाई तिच्या शेजारी, मी मागे.

वाटेत एक गंमत झाली. रस्त्यात चर्च किंवा स्मशान आलं की ब्रायडीबाईंचा हात आपोआप कपाळावर, छातीवर, खांद्यांवर फिरायचा. आणि देवाचं घर दिसलं की माझाही हात आपोआप कपाळाकडे जातो. रस्त्यातला एकही मारुती मी कधी चुकवलेला नाही. त्यामुळे ॲथलोनपासून नावनपर्यंत पुढच्या आणि मागच्या सीटवर एकाच वेळी हात उठत होते. तिसऱ्या चर्चला त्यांनी मागे वळून बघितलं.

"तू कॅथलिक आहेस, आर्वी?"

"नाही. सावध आहे."

त्या इतक्या हसल्या की मेधाने गोल चौकाला एक जादा फेरी मारली. मग त्यांनी डबा उघडला. काळपट पाव, त्यावर बोटभर लोणी. खाता खाता त्यांचा आवाज बदलला.

"पोस्ट बंद केलं तेव्हा मी विचारलं होतं, कोणी केलं? कोणी बोललं नाही. दुपारची बस बंद केली, पुन्हा विचारलं. चाळीस वर्षं विचारतेय. मला ना पैसे हवेत, ना माफी. ज्याने ठरवलं त्याने माझ्या समोर उभं राहून म्हणावं, ब्रायडी, हे मी ठरवलं. मग मी त्याच्याशी भांडेन आणि त्याला चहा देईन."

मागच्या सीटवर मी पावाचा तुकडा फार वेळ चावत राहिलो. सव्वीस वर्षांत कितीजणींनी मला हेच विचारलं होतं, आणि मी त्यांना पंखा दाखवला होता.

नावनच्या हॉटेलात गालिचा, चहाचा वास आणि रांग. आमची पाळी आली. खासदारबाई पन्नाशीच्या, चटपटीत, समोर वही. मेधाने बसताबसताच सांगून टाकलं, "मला तुमच्यासाठी मत नाही." मी टेबलाखालून तिला पाय मारला. असं कोणी सांगतं का?

बाई हसल्या. "तरी आलात, हे बरं केलंत. बोला."

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते मी नोंदवून ठेवलं आहे. "हा कायदा झाला तेव्हा मी शाळेत होते. तो मांडला ब्रसेल्सच्या आयोगाने, ज्याला कोणी मत देत नाही. मंजूर केला सगळ्या देशांच्या मंत्र्यांनी मिळून, त्यात आमचाही मंत्री होता. तेव्हा युरोपच्या संसदेचं फक्त मत विचारलं होतं. मंत्री तिथे होकार देऊन येतात आणि विमानातून उतरल्यावर म्हणतात, काय करणार, युरोपने केलं. आम्ही आता बरंच काही अडवू शकतो, बदलू शकतो. पण लोकांना आमची नावंसुद्धा माहीत नसतात. मग आम्हाला जाब तरी कोण विचारणार?"

"आम्ही विचारतोय," ब्रायडीबाई म्हणाल्या.

"विचारा. पण ऐका, याच कायद्यात सवलतीचा परवाना देण्याची सोय आहे. तो देणारं कार्यालय ब्रसेल्समध्ये नाही, याच देशात आहे. थांबा." त्यांनी सहायकाला फोन लावायला सांगितला. दहा मिनिटांनी उत्तर आलं. अर्ज कोणी नाकारला नव्हता. जागेच्या मालकाची संमती जोडलेली नव्हती, म्हणून तो पडून होता. सभागृहाचं मालक गाव, म्हणजे गावच्या सभासदांच्या सभेचा ठराव हवा. तसं पत्र सभागृहाच्या पत्त्यावर मे महिन्यातच पाठवलं होतं.

आम्ही परत आलो ते थेट सभागृहात. बादली उचलली. तिच्याखालचं पायपुसणं उचललं. दाराच्या फटीतून आत पडलेलं ते पत्र तिथे, ओलं आणि न उघडलेलं. चार महिने आम्ही सगळे टपटपणाऱ्या छताकडे बघत होतो.

तेवीस सह्या

मेधाने बुधवारी सकाळी दारावर नोटीस लावली. सभा पुढच्या गुरुवारी, जेवणानंतर दोन वाजता. सात दिवसांची नोटीस आणि वीस सभासदांची गणपूर्ती, असा त्यांचा नियम.

आठ दिवस! मी अंगणात फेऱ्या मारायला लागलो. सप्टेंबर संपत आलेला, ऑक्टोबर दारात, आणि ही बाई आठ दिवस वाट बघणार? आणि वीस म्हातारी माणसं जमली नाहीत तर? आता वाचकांपैकी ज्यांनी ग्रामपंचायतीत काम केलं आहे, त्यांनी इथून पुढे ओठ मिटून वाचावं. आपल्याकडे गणपूर्ती होत नाही तेव्हा काय करतात? इतिवृत्त आधी लिहितात आणि शिपाई वही घेऊन घरोघर जातो. सभा वहीत होते. ती फार शांततेत पार पडते.

शिपाई नव्हता, म्हणून मी स्वतः गेलो. शुक्रवार, शनिवार, रविवार. कोरी वही घेतली, वर सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: शनिवारी सायंकाळी सहा वाजता सभा झाली, ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक डेक्लन, अनुमोदक ब्रायडी. खाली सचिव म्हणून मेधाचं नाव. प्रत्येक दारी मी म्हणायचो, "छपरासाठी सही हवी," आणि प्रत्येक दारी चहा, बिस्किट, हवामान. वर काय लिहिलंय ते कोणी वाचलं नाही. सभ्य माणसं पाहुण्याच्या वहीत नाक खुपसत नाहीत. तेवीस सह्या आणि एकोणीस कप चहा. सोमवारी मी ते पान ॲथलोनला जाऊन परवाना कार्यालयाच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं. सव्वीस वर्षांतलं माझं सर्वोत्तम काम.

बुधवारी संध्याकाळी, चहाच्या वेळी, मी मेधाला ही आनंदाची बातमी दिली.

तिने कप खाली ठेवला. "दादा, ही सभा झालीच नाही."

"झाली असं समजायचं."

"कोणी समजायचं?"

"सगळ्यांनी! तशी पद्धतच असते."

"त्यावर माझं नाव आहे." ती ओरडली नाही, त्याने मला जास्त भीती वाटली. "इथे मला एकच मत आहे, दादा. बाकी जे काही आहे ते एवढंच, की हे लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. आणि खोटा कागद सापडला तर परवाना तर गेलाच. ब्रायडीला मी काय सांगू?"

शिरीषकडे बघितलं. तो आयुष्यात पहिल्यांदा ग्रँड म्हणाला नाही.

पुन्हा गुरुवार

सकाळी उघडल्या उघडल्या मेधाने कार्यालयाला फोन लावला. कागद पोहोचला होता. इतका व्यवस्थित होता म्हणे, की पाहणीसाठी अधिकारी निघालेसुद्धा. आता त्यांनाच समोर गाठून खरं सांगायचं, असं मेधाने ठरवलं.

अधिकारी म्हणजे ऑर्ला नावाची एक तरुण बाई, पायात चिखलाचे बूट, हातात विजेरी. आम्ही पोहोचलो तेव्हा ती शिडीवरून उतरली होती आणि ब्रायडीबाईंनी तिला बटाट्यांसमोर बसवलं होतं. हॉल भरलेला. डेक्लनही आले होते. बादलीत टप टप चालू होतं.

"तुमची वटवाघळं निघायच्या तयारीत आहेत," ऑर्ला खुशीत म्हणाली. "आणि शनिवारची तुमची सभा काय छान झाली! तेवीस माणसं! ठरावाला अनुमोदन तुमचंच ना, ब्रायडी?"

"कसली सभा?" ब्रायडीबाई पळी हातात धरून म्हणाल्या. "शनिवारी? शनिवारी सहा वाजता मॅच होती. त्या वेळी ह्या गावात तेवीस माणसं फक्त पबमध्ये सापडली असती."

काटे-चमचे थांबले. ऑर्लाने पिशवीतून माझं सुवाच्य पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं. डेक्लननी वाकून आपलं नाव बघितलं आणि त्यांच्या भुवया केसांत गेल्या. मग सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेने वळल्या, पानाच्या तळाशी जिचं नाव होतं तिच्याकडे.

मेधा उठून उभी राहिली. तिने तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते मला माहीत होतं. ती म्हणणार होती, सचिव मी आहे, जबाबदारी माझी.

आणि माझा उजवा हात, खरं सांगतो, माझ्या परवानगीशिवाय वर जायला लागला. एक बोट ताठ. सव्वीस वर्षांची सवय. ते खांद्यापर्यंत पोहोचलं तेव्हा मी वर बघितलं. वर ओलं छत, आणि त्याच्या वर चाळीस वटवाघळं. एकानेही मला कसलाही आदेश दिलेला नव्हता.

मी हात खाली आणला आणि उठलो. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, पण त्या क्षणी ते सगळं गळून गेलं आणि तीनच वाक्यं उरली. "मी केलं. तिला माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलं."

त्यानंतर जी शांतता पडली, तिच्यात बादलीतला थेंब तीनदा वाजला.

ती शांतता कोणी मोडली ते शेवटी सांगतो. आधी पुढचं उरकून घेऊ, नाहीतर वाचकांना छपराची काळजी लागून राहील. ऑर्लाने पान माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "हे मी पाहिलंच नाही असं म्हणणार नाही. पाहिलंय, आणि माझ्या फायलीत तसं लिहीन. हे परत घ्या आणि खरं पाठवा." खरं कसं पाठवायचं, हा प्रश्नच नव्हता, कारण दारावर आठ दिवसांपूर्वी लावलेली मेधाची नोटीस होती आणि घड्याळात दोनला दहा मिनिटं होती. ताटं उचलली, खुर्च्या वळवल्या, सभा सुरू झाली. एकतीस सभासद. एका आजोबांनी ठरावाला विरोध केला. वटवाघळं आपल्या सगळ्यांच्या आधीपासून इथे आहेत, त्यांना का छळता, असं त्यांचं म्हणणं होतं. मेधाने त्यांचा विरोध शब्दशः लिहून घेतला आणि त्यांना वाचून दाखवला. ठराव तीस विरुद्ध एक असा मंजूर झाला. माझ्या सव्वीस वर्षांच्या इतिवृत्तांमध्ये विरोधात एकही मत नाही, हे मला तिथे मागच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा खटकलं.

परवाना वेळेत आला. अट एकच, नव्या छपराला वटवाघळांसाठी फट ठेवायची. मी परतल्यानंतर मेधाने फोटो पाठवला: नवं छप्पर, फट, आणि खाली ॲप्रन बांधून उभ्या ब्रायडीबाई. गुरुवार चालू आहे. माझ्या सोसायटीत मी अजून चौथी सभा बोलावलेली नाही. बोलावली तर खरी घ्यावी लागेल, आणि त्याला जरा धीर लागतो.

आता ती शांतता. मी उभा होतो, मेधा उभी होती. ब्रायडीबाई पळी घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता पळी बसते. मग त्या वळून डेक्लनकडे बघत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

"अरे देवा! चाळीस वर्षांत 'मी केलं' म्हणणारा एक माणूस सापडला, आणि त्याला निवडूनच देता येत नाही!"